सीईटीचे गुण जातात कुठे? कोल्हापूर जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, विज्ञान विभागप्रमुख आणि संस्थाचालक,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व कनिष्ठ महाविद्यालये

विषय : एमएचटी-सीईटीच्या सरावाची जबाबदारी कॉलेजने स्वतःकडे घेण्याबाबत.

महोदय,

सीईटीचा, म्हणजे इंजिनीअरिंगसारख्या अभ्यासक्रमांच्या राज्यातल्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की कॉलेजच्या गेटवर फ्लेक्स लागतो. ९९ च्या पुढचे पाच-सात फोटो. त्या मुलामुलींचं कौतुक व्हायलाच हवं. हे पत्र मात्र फ्लेक्सवर न आलेल्यांसाठी आहे. बोर्डात ७५-८० टक्के मिळवणारी आणि सीईटीत ६०-७० पर्सेंटाइलला अडकणारी मुलं प्रत्येक तुकडीत असतात आणि संख्येने तीच जास्त असतात. निकालानंतर घरी एकच वाक्य ऐकू येतं, 'याच्या डोक्याचं काम नाही ते.' हे वाक्य चुकीचं आहे, असं आमचं ठाम मत आहे. आम्ही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित शिकवतो. या मुलांचे हातचे गेलेले गुण एकेका प्रश्नाला धरून तपासले, तर त्यातले दहा-पंधरा गुण विषय न समजल्यामुळे गेलेले नसतात. बोर्डाची सवय घेऊन दुसऱ्याच प्रकारच्या परीक्षेला बसल्यामुळे ते जातात. ही सवय बदलायला लागणारी साधनं आज आपल्या कॉलेजात पडून आहेत.

आधी पर्सेंटाइलबद्दल, कारण पालकांचा सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच आहे आणि प्रवेशाच्या वेळी कॉलेजकडूनही तो नीट दूर केला जात नाही. ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के गुण नव्हेत. आपल्या सत्रात बसलेल्यांपैकी आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळालेले शेकडा किती, तो हा आकडा. २०२५ साली पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. त्या हिशेबाने ९२ ला असलेल्या मुलाच्या पुढे बत्तीस हजारांच्या आसपास मुलं असतात आणि ९९ वाल्याच्याही पुढे चार हजार. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय या नामांकित इंजिनीअरिंग कॉलेजांच्या कॉम्प्युटर शाखेसाठी खुल्या गटातली चुरस ९९.५ च्याही वर चालते, ती यामुळेच. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून कच्चे गुण थेट न जोडता सत्रागणिक पर्सेंटाइल काढतात आणि बरोबरी फोडायला सात दशांश स्थळांपर्यंत जातात.

यातूनच एक गोष्ट निघते, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मुलांची गर्दी मधल्या गुणांत असते. शिखरावर विरळ. समजा एका सत्रात २५,००० मुलं आहेत. ५० ते ६० पर्सेंटाइलच्या मध्ये २,५०० जण उभे असतात, तेही एकमेकांना खेटून, थोड्याशा गुणांच्या फरकात. ९९ ते ९९.५ च्या मध्ये फक्त १२५ जण असतात आणि ते बऱ्याच गुणांवर पसरलेले असतात. म्हणजे ९८ वरून ९९.५ ला जायला जेवढे गुण वाढवावे लागतात, तेवढेच गुण मधल्या मुलाने वाढवले तर तो कितीतरी मोठी उडी घेतो. दहा गुणांचा सगळ्यात जास्त फायदा मधल्या मुलाला होतो आणि आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडेच असतं.

आता हे दहा गुण नेमके जातात कुठे, ते सांगतो.

पेपर २०० गुणांचा. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, दोन्हींना मिळून ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, स्वतंत्र ९० मिनिटं. पहिली ९० मिनिटं संपल्यावरच गणिताचा भाग उघडतो, त्यामुळे इकडचा वेळ तिकडे नेता येत नाही. हिशेब केला तर गणिताच्या एका प्रश्नाला १०८ सेकंद येतात आणि भौतिक-रसायनच्या एका प्रश्नाला ५४ सेकंद. बोर्डात भौतिकशास्त्राचा ७० गुणांचा पेपर सोडवायला तीन तास मिळतात आणि त्यातले बहुपर्यायी प्रश्न फक्त १० गुणांचे. वर्षभर आपण मुलांना सिद्धता लिहायला, आकृती काढायला, पायरीपायरीने गुण मिळवायला शिकवतो. ते बरोबरच आहे. पण सीईटीत पायरीला गुण नाहीत. शेवटच्या ओळीत चुकलेला आणि अजिबात न सोडवलेला, दोघांच्या खात्यात शून्यच.

एक प्रश्न जवळून बघा. 'एका टोकाला बंद नळीचा फर्स्ट ओव्हरटोन आणि दोन्ही टोकांना उघड्या नळीचा फर्स्ट ओव्हरटोन सारखा आहे. बंद नळी आणि उघडी नळी यांच्या लांबीचं गुणोत्तर किती?' बारावीच्या पुस्तकातलंच प्रकरण. फर्स्ट ओव्हरटोन म्हणजे मूळ स्वराच्या लगेच वरचा स्वर. बंद नळीत फक्त विषम हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या १, ३, ५ पट वारंवारतेचे स्वर येतात, म्हणून तिचा फर्स्ट ओव्हरटोन हा तिसरा हार्मोनिक. उघड्या नळीचा मात्र दुसरा. उत्तर ३:४. आता पर्याय कसे लावलेले असतात ते पाहा. ज्याने बंद नळीलाही दुसरा हार्मोनिक लावला त्याचं उत्तर १:२ येतं. ज्याने ओव्हरटोन शब्द सोडून मूळ स्वरच धरला त्याचंही १:२ च येतं. आणि सगळं बरोबर करून 'बंद आणि उघडी' हा क्रम ज्याने उलटा वाचला त्याला ४:३ मिळतं. तिघांनाही आपलं उत्तर पर्यायात दिसतं आणि तिघेही समाधानाने पुढे जातात. बोर्डाच्या पेपरात यातल्या तिसऱ्या मुलाला जवळपास पूर्ण गुण मिळाले असते. हा मुलगा भौतिकशास्त्रात कच्चा नाही. प्रश्नाची शेवटची ओळ दोनदा वाचायची सवय त्याला कुणी लावलेली नाही, एवढंच. 'अॅट लीस्ट', 'इनकरेक्ट', 'नॉट' हे शब्दही असेच नजरेतून सुटतात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलांच्या बाबतीत तर जास्तच, कारण घाईत डोळे इंग्रजी वाक्याचा अर्थ लावण्याऐवजी ओळखीचे आकडे शोधतात.

गणितात दुसऱ्याच प्रकारचं नुकसान होतं. शून्य ते पाय बाय टू या मर्यादेत रूट साइन भागिले (रूट साइन अधिक रूट कॉस), हे इंटिग्रल सगळ्यांना ठाऊक असतं. उत्तर पाय बाय फोर. क्लासच्या 'ट्रिक' म्हणून ते पाठही असतं. पेपरात मर्यादा बदलून पाय बाय सिक्स ते पाय बाय थ्री दिली की पाठ केलेला मुलगा पाय बाय फोर टिक करतो. ज्याला गुणधर्म समजलेला आहे तो मर्यादांची बेरीज पाय बाय टू येते हे बघतो, साइनच्या जागी कॉस येतो हे ओळखतो आणि दोन मर्यादांमधल्या अंतराचं निम्मं, म्हणजे पाय बाय ट्वेल्व्ह, पंधरा सेकंदांत लिहून मोकळा होतो. नुसत्या ट्रिकवर भिस्त ठेवली की नेमके दोन गुण जातात. म्हणून वर्गात सिद्धता करून देणं बंद करू नका. तीच सिद्धता झाल्यावर 'मर्यादा बदलली तर काय होईल?' हा प्रश्न त्याच तासाला विचारा.

आकडेमोड हा तिसरा खड्डा. सीईटीत कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबलही नाही. पहिल्या कोटीच्या अभिक्रियेची अर्धआयू (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ) २० मिनिटं असेल तर ती ८७.५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ लागेल? बोर्डाच्या सवयीने मुलं २.३०३ भागिले के, मग लॉग ८ अशी सुरुवात करतात आणि दोन मिनिटं घालवतात. उरलेले १२.५ टक्के म्हणजे एक-अष्टमांश, म्हणजे तीन अर्धआयू, म्हणजे ६० मिनिटं. तोंडी होतं. लॉग २ म्हणजे ०.३०१०, लॉग ३ म्हणजे ०.४७७१, रूट २ चा व्यस्त ०.७०७, असे वीस-पंचवीस आकडे आणि ३० पर्यंतचे वर्ग पाठ असतील तर रसायन आणि भौतिक मिळून सात-आठ मिनिटं तरी वाचतात. ५४ सेकंदांच्या हिशेबात ती आठ-नऊ प्रश्नांची वेळ आहे.

अकरावीकडे सगळेच पाठ फिरवतात. प्रत्येक विषयातले ५० पैकी १० प्रश्न अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतात. मिळून ४० गुण! दहावीचा थकवा घालवायचं वर्ष म्हणून अकरावीकडे बघण्याची आपल्याकडे रीत पडली आहे आणि कॉलेजंही ती चालवून घेतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाले आणि पहिल्याच वर्षी फेऱ्या लांबल्याने वर्ग उशिरा भरले. अशा वर्षी तर अकरावीची कात्री सरळ सीईटीच्या प्रकरणांवर चालते. सरळ रेषा, वर्तुळ, त्रिकोणमिती, लिमिट, स्थिरविद्युत, रासायनिक बंध ही प्रकरणं गाळली तर नुकसान चाळीस गुणांपुरतं राहत नाही, कारण बारावीची निम्मी प्रकरणं त्यांच्यावरच उभी आहेत. आमची विनंती अशी की, अकरावीचा अभ्यासक्रम वेळेअभावी संपणार नसेल तर निदान सीईटीतली प्रकरणं आधी घ्या आणि बाकीची मागाहून. क्रम बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि कोरे सोडलेले प्रश्न. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. तरीही मुलं प्रश्न कोरे ठेवून उठतात. याचं एक कारण जेईई, इंजिनीअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा. जेईई मेनमध्ये चुकलं की एक गुण वजा होतो, म्हणून जानेवारीत मुलांना 'खात्री नसेल तर सोड' हे शिकवलेलं असतं. एप्रिलमध्ये नियम उलटा होतो आणि सवय मात्र तीच राहते. गणिताचे १२ प्रश्न कोरे राहिले म्हणजे २४ गुणांवर पाणी. डोळे झाकून टिक केले तरी सरासरीने त्यातले ३ बरोबर येतात, म्हणजे ६ गुण. एककं तपासून, चिन्ह बघून दोन पर्याय बाद करता आले तर १२. शेवटची तीन मिनिटं फक्त एवढ्याच कामासाठी राखून ठेवायची, हे प्रत्येक सराव पेपरात करून घ्यावं लागतं. नुसतं सांगितलेलं त्या खुर्चीत बसल्यावर आठवत नाही.

शिवाय संगणकाचं स्वतःचं एक वळण आहे. पर्याय निवडला, पण 'सेव्ह अँड नेक्स्ट' न दाबता उजवीकडच्या प्रश्नक्रमांकावर टिचकी मारून पुढे गेलं, तर ते उत्तर नोंदलं जात नाही. पडद्यावरची आकृती कच्च्या कागदावर उतरवून घ्यावी लागते, डोळा वर-खाली करताना चिन्ह बदलतं. वीस पेपर कागदावर सोडवलेल्या मुलालाही पहिल्या पडद्यावरच्या पेपरात दहा-बारा प्रश्नांचा फटका बसू शकतो. तो फटका खऱ्या परीक्षेत बसू द्यायचा की नोव्हेंबरमध्ये कॉलेजात, एवढंच ठरवायचं आहे.

त्यासाठी आपल्याकडे काय आहे ते मोजा. समजा तुकडीत १२० विद्यार्थी आहेत आणि संगणक कक्षात ३० चालू यंत्रं. चार बॅच झाल्या. दोन शनिवारी, दोन रविवारी, प्रत्येकी तीन तास. पंधरवड्यातून एकदा. मूडल ही संगणकावर परीक्षा घ्यायची मोफत प्रणाली एका यंत्रावर बसवून कक्षाच्या अंतर्गत नेटवर्कवर चालवता येते, इंटरनेटही लागत नाही. वेळ लावता येते, पहिला भाग ९० मिनिटांनी आपोआप बंद करता येतो, प्रश्नांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता येतो. प्रश्नसंच घालायला वेळ लागतो, हे खरं. एका विषयाचे ५० प्रश्न टंकून तपासायला एका शिक्षकाचा दीड-दोन दिवसांचा वेळ जातो. तपासणीत कुचराई नको. २७ एप्रिल २०२५ च्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकीचे निघाले आणि सत्तावीस हजारांहून जास्त मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. एवढ्या मोठ्या यंत्रणेत हे होतं, तर आपल्या संचात होणारच. म्हणून एकाने टंकायचं आणि दुसऱ्याने उत्तरसूची न बघता तो पेपर सोडवायचा.

पेपर झाल्यावरचा एक तास पेपराइतकाच महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कुठे होत नाही. क्लासच्या ग्रुपवर गुणांची यादी येते, क्रमांक येतो आणि विषय संपतो. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या चुकलेल्या प्रश्नापुढे चारपैकी एक खूण करावी: येतच नव्हता, येत होता पण वेळ गेला, वाचण्यात चुकला, आकडेमोडीत चुकला. चार पेपर झाले की प्रत्येकाचं चित्र वेगळं दिसतं. 'वाचण्यात चुकला'च्या दहा खुणा असलेल्या मुलीला आणखी एक प्रकरण शिकवून उपयोग नाही. 'येतच नव्हता' जास्त असलेल्या मुलाला आणखी पेपर देऊन उपयोग नाही, त्याला पुन्हा पुस्तकाकडे न्यायला हवं. रसायनशास्त्रात तर बालभारतीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचणं याला पर्याय नाही. ज्यांचं वाचन झालेलं असतं ते रसायनचे ५० प्रश्न ३५ मिनिटांत उरकतात आणि भौतिकसाठी ५५ मिनिटं राखतात. तो क्रमही पेपर देऊनच बसतो. २०२६ पासून सीईटी वर्षातून दोनदा घेण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला आहे. ही खुणांची वही नसेल तर दुसरी संधी म्हणजे त्याच चुका पुन्हा करण्याची संधी.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, हे काम क्लासचं. शहरातल्या मुलांपुरतं ते कदाचित खरं असेल. पण शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, चंदगडच्या मुलांसाठी कॉलेजचा संगणक कक्ष हीच एक जागा आहे. चंदगड कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरच्या वर. सकाळचं सत्र नऊला सुरू होतं आणि त्याच्या बरंच आधी केंद्रावर हजर व्हावं लागतं. पहाटेची एसटी चुकली तर दोन वर्षं गेली. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, ती खेड्यातल्या पोराला शहरात राहून शिकता यावं म्हणूनच. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्या वसतिगृहात वीस-पंचवीस मुलांना झोपायला जागा आणि सकाळी चहा-नाश्ता, एवढी सोय तरी शहरातल्या प्रत्येक संस्थेला जमण्यासारखी आहे. दूरच्या तालुक्यातल्या कॉलेजने मुलांची यादी आणि सत्रांच्या तारखा आठवडाभर आधी कळवायच्या, मुलींसाठी स्वतंत्र खोली आणि सोबत एक शिक्षिका.

जाता जाता आणखी एक. राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्यांची जात पडताळणी अकरावीतच कॉलेजमार्फत सुरू करा. चांगले पर्सेंटाइल असूनही वैधता प्रमाणपत्र हातात नाही म्हणून प्रवेश फेरीत धावाधाव करणारी मुलं दर जूनला दिसतात.

तर आमची मागणी इतकीच आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारपासून संगणक कक्ष बारावी विज्ञानासाठी उघडा आणि ते वेळापत्रकात छापा, म्हणजे क्लासच्या वेळेशी टक्कर होणार नाही. तिन्ही विषयांचे पहिले चार तपासलेले संच आम्ही देतो, मूडल बसवून देतो आणि पहिल्या दोन बॅचना स्वतः थांबतो. आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात: कक्षात चालू असलेल्या यंत्रांची खरी संख्या आणि शनिवारी-रविवारी कक्षाची किल्ली कुणाकडे असेल त्याचं नाव.

आपले,
विज्ञान शाखेचे काही शिक्षक,
कोल्हापूर